फ्यूज काढा आणि खिशात टाका

गेल्या अंकात कॉम्प्रेसर बदलायचा की दुरुस्त करायचा यावर लिहिलं होतं आणि जाता जाता एक ओळ टाकली होती, की फ्रिज-एसीचं काम करताना हातापायाची काळजी कशी घेता तेही कळवा. वाटलं चार-दोन मेसेज येतील. आले भरपूर, आणि निम्म्याहून जास्त जणांनी कुठे भाजलं, कुठे शॉक बसला तेच लिहिलंय. म्हणून या वेळी पैशाचे प्रश्न बाजूला, फक्त हीच पत्रं घेतोय.

काका, मी आयटीआयला रेफ्रिजरेशन अँड एसी ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि संध्याकाळी एका दुकानात हाताखाली काम करतो. आमचे उस्ताद कॅपॅसिटरच्या दोन टोकांवर स्क्रू ड्रायव्हर आडवा ठेवून चट् करून डिस्चार्ज करतात. मागच्या आठवड्यात मी ते विसरलो आणि मला झटका बसला, तेही प्लग काढलेला असताना. उस्ताद हसले, म्हणाले आता विसरणार नाहीस. स्क्रू ड्रायव्हरची पद्धत बरोबर आहे का? — एक विद्यार्थी, सांगली

बरोबर नाहीये, पण तुझ्या उस्तादांना वाईट म्हणणार नाही, मीही पंधरा वर्षं तसंच केलंय. कॅपॅसिटर करंट साठवून ठेवतो, म्हणून प्लग काढल्यावरही झटका बसतो, आणि तो साठा रिकामा करणं म्हणजे डिस्चार्ज. चट् आवाज येतो ना, तेव्हा पूर्ण करंट एका क्षणात त्या लोखंडातून जातो, टोक वितळतं, ठिणगी डोळ्यात जाऊ शकते आणि कॅपॅसिटर आतून खराब होतो ते वेगळंच. मग दोन महिन्यांनी गिऱ्हाईक म्हणतं की तुम्ही हात लावल्यापासूनच बिघडलाय, आणि ते खोटं नसतं.

२० किलोओहमचा ५ वॅटचा एक रेझिस्टर घे, दोन्ही टोकांना इन्सुलेटेड वायर आणि क्रोकोडाइल क्लिप लाव, वरून स्लीव्ह चढव आणि बॅगेत टाकून दे. स्प्लिट एसीला साधारण ३६ ते ५० एमएफडीचा (मायक्रोफॅरड, कॅपॅसिटरचं माप) रन कॅपॅसिटर असतो, तो त्या रेझिस्टरने पाच सेकंदात रिकामा होतो. तरी मल्टीमीटर डीसी व्होल्टवर लावून शून्य बघायचं आणि मगच बोट. रेझिस्टर मिळाला नाही तर जुना पिवळा फिलामेंटचा बल्ब होल्डरसकट चालतो, एलईडी नाही.

इन्व्हर्टर एसी किंवा इन्व्हर्टर फ्रिजचा बोर्ड असेल तर जास्त सावध. घरातला २३० व्होल्टचा एसी करंट रेक्टिफाय झाला, म्हणजे त्याचा डीसी झाला, की बोर्डावरच्या मोठ्या कॅपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास डीसी बसतो आणि मेन बंद केल्यावरही तो तिथेच असतो. कव्हरवर किती मिनिटं थांबायचं ते छापलेलं असतं, कुठे पाच, कुठे दहा. तेवढं थांब, मग मीटर लाव.

आता प्लग काढण्याबद्दल. फ्रिजचा प्लग तुझ्या डोळ्यांसमोर असतो, ठीक आहे, पण डीप फ्रीझर, वॉटर कूलर, दुधाचा चिलर यांचा स्विच दुसऱ्या खोलीत असतो. एका दूध संकलन केंद्रात मी चिलरच्या मागे बसून कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचच्या) वायरी सोडवत होतो, मेन मी स्वतः बंद केला होता, आणि तिथल्या पोराला कोणीतरी ओरडलं की दूध नासेल रे, बघ काय झालंय लाइटला. तो गेला आणि त्याने मेन वर केला. त्याची काय चूक, त्याला दूध दिसत होतं, मी दिसत नव्हतो. माझा हात त्या वेळी पक्कड उचलायला मागे आलेला होता म्हणून आज हा कॉलम लिहितोय. त्या दिवसापासून किटकॅट फ्यूज असेल तर तो उपसून खिशात, एमसीबी असेल तर त्याला छोटं कुलूप नाहीतर निदान टेप आणि ‘माणूस काम करतोय’ अशी चिठ्ठी. घरी गेल्यावर बायको पँट धुताना खिशातून फ्यूज काढून देते आणि विचारते आज कुणाला अंधारात ठेवून आलात. ते परवडतं.

आमचा फ्रिज थंड होत नव्हता. मेकॅनिक घरी आला, स्वयंपाकघरातच फ्रिज थोडा पुढे ओढला आणि मागे बसून पेटत्या टॉर्चने पाइपचा जोड काढायला लागला. एकदम भक्कन जाळ आला, त्याच्या भुवया जळल्या. तो म्हणाला तेल होतं, असं होतं कधीकधी. कॉम्प्रेसरवर पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेचं चित्र आहे आणि आर-६००ए लिहिलंय. हे नॉर्मल आहे का? — एक गृहिणी, डोंबिवली

ताई, नॉर्मल अजिबात नाही, आणि तो पिवळा त्रिकोण त्याच्यासाठीच लावलेला होता.

आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन. तुमच्या ओट्याखालच्या सिलिंडरमध्ये जो एलपीजी असतो त्याच घरातला, खिशातल्या लायटरमधल्या गॅसचा तर सख्खा भाऊ. हल्लीच्या घरगुती फ्रिजमध्ये बहुतेक हाच असतो, कारण ओझोनला त्रास नाही, पृथ्वी तापवण्यात याचा वाटा नगण्य आणि वीज कमी लागते. म्हणजे गॅस वाईट नाही. पण त्यात एक गोम आहे, एलपीजीला मुद्दाम घाण वास मिसळलेला असतो आणि याला तसा वास मिसळलेला नसतो. गळला तरी तुम्हाला कळणार नाही.

तुमचा मेकॅनिक म्हणाला असेल की अहो पन्नास-साठ ग्रॅम तर असतो. खरंय, घरगुती फ्रिजला १५० ग्रॅमची मर्यादाच आहे आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्माही नसतो. पण ६० ग्रॅमचा हिशोब करून बघा. एवढा गॅस मोकळा झाला की साधारण २५ लिटर होतो, आणि हवेत १.८ टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो, म्हणजे हा एवढासा गॅस जवळपास १४०० लिटर हवा पेटण्यालायक करतो. फ्रिज आणि भिंत यांच्यामधली फट, खालचा कोपरा, ओट्याखालचा कप्पा, एवढी जागा त्याला पुरते, कारण तो हवेच्या दुप्पट जड आहे, खाली बसतो, वर खिडकीतून उडून जात नाही. स्वयंपाकघर मोठं आणि हवेशीर असेल तर विरून जातो, पण तुमच्या माणसाने तर जोडच ज्वाळेने उघडला, मग विरायला वेळ कुठे मिळाला.

आणि तेल होतं म्हणाला तेही अर्धं खरं. गॅस काढून टाकला तरी कॉम्प्रेसरच्या तेलात थोडा विरघळलेला राहतोच, उष्णता लागली की तेलातून बाहेर येतो आणि तेलाचे थेंब घेऊन पेटतो. म्हणून जोड तापवून काढायचाच नाही, ट्यूब कटरने कापायचा.

पुढच्या वेळी कोणी आला तर एवढं बघा. आधी गॅसची शेगडी बंद, देवघरातली समई बंद, खिडक्या उघड्या. गळतीचा संशय असेल तर फ्रिजचा बोर्डावरचा स्विच खटखट करू नका, बाहेरचा मेनच पाडा. शक्य असेल तर फ्रिज गॅलरीत न्यायला सांगा, जड असतो मान्य आहे, दोघं लागतात. तो लाइन टॅप (पाइपला भोक पाडून बसणारा छोटा व्हॉल्व्ह) लावून गॅस रबरी पाइपने खिडकीबाहेर सोडतोय का, नंतर नायट्रोजनने लाइन धुतोय का, मग कापतोय का. टॉर्च शेवटी, लाइन धुऊन झाल्यावर, आणि जोडायला लोकरिंग (दाबून बसवायची कडी) वापरणारा मिळाला तर ज्वाळेची गरजच नाही. गॅस भरताना गेज बघून ‘आला, आला, बास’ असं करत असेल तर तो आर-६००ए शिकलेला नाही, हा गॅस वजनकाट्यावर ग्रॅममध्ये भरायचा असतो.

आमच्या पिढीचं एक सांगतो. आर-१२ आणि आर-२२ या जुन्या फ्रिज-एसीच्या गॅसच्या दिवसांत गळती शोधायला आम्ही हॅलाइड टॉर्च म्हणजे एक दिवा पेटवूनच पाइपभोवती फिरवायचो, गॅस लागला की ज्योत हिरवी व्हायची. हाताला ती सवय लागलेली माणसं अजून धंद्यात आहेत. ते गॅस पेटत नव्हते म्हणून चाललं. आज तीच सवय घेऊन आर-६००ए समोर बसलं तर ज्योत हिरवी होईपर्यंत थांबावं लागणार नाही.

माझं कोल्ड्रिंकचं दुकान आहे, तीन डीप फ्रीझर आहेत. आमच्याकडचा मेकॅनिक प्रेशर टेस्टला, म्हणजे दाब भरून गळती बघायला, ऑक्सिजन भरतो, म्हणतो ब्रेझिंगसाठी (टॉर्चने पाइप जोडायला) सिलिंडर सोबत असतोच, नायट्रोजनचा वेगळा कोण वाहणार. वर्षानुवर्षं करतोय, काही झालं नाही. मला कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं की हे धोक्याचं आहे. — एक दुकानदार, अकोला

त्याला आजच फोन करा. मी एरवी असं लिहीत नाही, पण आजच करा.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही हे शाळेतलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं आणि तिथेच माणूस फसतो. कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं, पाइपच्या आतून तेलाचा पातळ थर असतो. दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की ठिणगी लागत नाही, काडी लागत नाही, दाब वाढताना जी उष्णता होते तेवढ्यावर स्फोट होतो. कॉम्प्रेसरचा डोम म्हणजे जाड पत्र्याचा बंद गोळा, फुटला की तो कुठल्या दिशेला जाईल ते कोणी सांगू शकत नाही. वेल्डिंगवाले लोक ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला ग्रीसचा हातही लावू देत नाहीत, तो नियम याच कारणाने आहे. मग आपण तो गॅस तेलाच्या डब्यात कसा भरतो? वर्षानुवर्षं काही झालं नाही म्हणजे दाब कमी ठेवला असेल, तेल कमी असेल, नशीब असेल.

दुसरी पद्धतही तेवढीच वाईट आणि जास्त प्रचलित. जुना कॉम्प्रेसर घेऊन त्याने बाहेरची हवा ओढायची आणि सिस्टिममध्ये दाबायची. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो हे ट्रॅक्टर चालवणाऱ्या कुणालाही विचारा, हवा एवढी दाबली जाते की डिझेल आपोआप पेटतं. कॉम्प्रेसरच्या आत हवा अधिक तेलाची वाफ अधिक दाब, झालं की तेच. वर हवेतला दमटपणा आत जातो आणि कॅपिलरी (गॅसची केसासारखी बारीक नळी) चोक होते तो भाग निराळा.

स्प्लिट एसी काढताना पंप डाऊन करतात तेव्हाही हेच होऊ शकतं. जागा बदलताना गॅस आउटडोअरमध्ये गोळा करायचा म्हणून लिक्विडचा व्हॉल्व्ह बंद करून कॉम्प्रेसर चालू ठेवतात, आणि घाईत कोणी गॅस लाइनचा फ्लेअर नट ढिला केला किंवा आधीच कुठे गळती असली तर कॉम्प्रेसर हवा ओढायला लागतो. जपानमध्ये अशा पंप डाऊनच्या वेळी आउटडोअर फुटल्याच्या घटना झाल्या आहेत आणि तिथल्या सरकारी यंत्रणांनी त्यावर इशारेही काढलेत. गेज लावूनच पंप डाऊन करायचं, काटा शून्याजवळ आला की लगेच दुसरा व्हॉल्व्ह बंद, लगेच कॉम्प्रेसर बंद, आणि पाइप त्यानंतरच उघडायचे. गळकी सिस्टिम असेल तर पंप डाऊन करूच नये, गॅस रिकव्हर करावा, म्हणजे मशिनने वेगळ्या सिलिंडरमध्ये काढून घ्यावा.

नायट्रोजनच्या बाबतीतही एक. भरलेल्या सिलिंडरमध्ये दीडशे बारच्या आसपास दाब असतो, म्हणजे बावीसशे पीएसआय. रेग्युलेटरशिवाय थेट लाइन जोडली तर फ्रीझरचा इव्हॅपोरेटर (आतली थंड होणारी कॉइल) फुग्यासारखा फुटेल. रेग्युलेटर लावून हळूहळू वाढवायचा आणि यंत्राच्या नेमप्लेटवर लो-साइडचा (कमी दाबाच्या बाजूचा) जो जास्तीत जास्त दाब लिहिलाय त्याच्या वर जायचं नाही. सिलिंडरचा रंग बघून जोडू नका, लेबल वाचा, गल्लीबोळात सिलिंडर कसे रंगवले जातात ते आपल्याला माहीत आहे. तुमच्या मेकॅनिकला नायट्रोजनचा छोटा सिलिंडर परवडत नसेल तर तीन फ्रीझरवाल्या दुकानदाराने भाड्याचे पैसे वेगळे द्यावेत असं माझं मत. तुम्ही दर कमी करून मागता तेव्हा तो कापतो ते हेच कापतो.

मी आठ वर्षं या धंद्यात आहे. एका विंडो एसीचा एमसीबी पडत होता. माझा जोडीदार म्हणाला तू उचल, मी बघतो कुठे ठिणगी पडते. त्याने कॉम्प्रेसरचं टर्मिनलचं झाकण काढलेलं होतं. मी उचलला आणि एका पिनेतून फवारा उडाला, त्याला आग लागली. त्याचा हात आणि गळा भाजला, आता बरा आहे. असं कसं झालं ते कोणी नीट सांगत नाही. — एक मेकॅनिक, नाशिक

तुमचा जोडीदार बरा आहे हे वाचून हायसं वाटलं.

कॉमन, स्टार्ट, रन या तीन पिना डोममधून बाहेर येतात तिथे प्रत्येक पिनेभोवती काचेचं सील असतं. आतला गॅसचा दाब अडवायचा आणि करंटही डोमला लागू द्यायचा नाही, दोन्ही कामं ती एवढीशी काच करते. आत वाइंडिंग (मोटरची तांब्याची गुंडाळी) जळून अर्थ झालं, म्हणजे बॉडीला लागलं, की पिनेजवळ आर्क होतो, काच तापते, तडकते, आणि मग आतला दाब ती पिन गोळीसारखी बाहेर फेकतो. पाठोपाठ गॅस आणि तेलाचा फवारा, आणि पेटवायला आर्क तिथे हजरच. यासाठी आर-६००ए असायला लागत नाही, आर-२२ सारखा न पेटणारा गॅस असला तरी तेलाचा तुषार पेटतो.

म्हणजे एमसीबी पडत होता तोच निरोप होता. पडलेला एमसीबी बघण्यासाठी पुन्हा उचलायचा नसतो. मीटर आधी.

आणि मीटर लावायला टर्मिनलवर जायची गरज बहुतेक वेळा नसतेच. एसी असेल तर कॉम्प्रेसरच्या वायरी कॅपॅसिटर आणि कॉन्टॅक्टरकडच्या टोकाला सोडवा, कॅपॅसिटर डिस्चार्ज करा आणि तिथूनच प्रत्येक वायर ते बॉडी मोजा. फ्रिज असेल तर थर्मोस्टॅट चालू ठेवून प्लग काढा, प्लगच्या फेज पिनेपासून अर्थ पिनेपर्यंत मोजा, मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) असेल तर उत्तम. डीफ्रॉस्टचा हीटर अर्थ झाला असेल तर तोही तिथे दिसेल, म्हणून हीटर वेगळा करून पुन्हा एकदा. कॉम्प्रेसर अर्थ निघाला की त्याला गॅस भरलेला असताना टर्मिनलला हात लावायचा नाही. रिले किंवा वायर ओढताना पिन हलली तरी तडकलेली काच सुटू शकते. आधी गॅस काढा, मग झाकण.

झाकण क्लिपने घट्ट बसवल्याशिवाय करंट द्यायचाच नाही. ते प्लास्टिकचं किंवा पत्र्याचं झाकण धुळीसाठी लावलंय असं नव्वद टक्के लोकांना वाटतं, ती क्लिप हरवली की रबर बँड लावतात, मी बघितलंय. ते पिनेला अडवायला असतं. आणि चालू करताना तोंड टर्मिनलच्या रेषेत ठेवायचं नाही, डोमच्या दुसऱ्या बाजूला उभं राहायचं.

आमच्या बर्फ कारखान्यात अमोनियाचा प्लांट आहे. दर महिन्याला तेल काढावं लागतं. जुने ऑपरेटर ओला गमछा तोंडाला बांधून व्हॉल्व्ह उघडतात आणि बादली भरेपर्यंत बाहेर जाऊन थांबतात. मी नवीन आहे. मला भीती वाटते, बाकीचे चेष्टा करतात. — एक ऑपरेटर, रत्नागिरी

चेष्टा करू देत. तुम्ही घाबरताय तेच बरोबर आहे.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. अमोनिया तेलाला आपल्यात मिसळू देत नाही, तेल जड म्हणून रिसीव्हरच्या (लिक्विड साठवायच्या टाकीच्या) आणि चिलरच्या तळाला साचतं, ते ठरावीक दिवसांनी खालच्या व्हॉल्व्हने काढावं लागतं. फ्रिज-एसीत असं काही नसतं. अडचण अशी की घट्ट थंड तेल आधी थेंब थेंब येतं, माणूस कंटाळतो, व्हॉल्व्ह अजून उघडतो, आणि तेल संपलं की पाठोपाठ लिक्विड अमोनिया सुटतो. लिक्विड बाहेर आलं की साडेआठशे पट फुगतं. तेव्हा ऑपरेटर बाहेर बिडी ओढत असेल तर व्हॉल्व्ह बंद करायला ढगात परत कोण जाणार?

ओल्या गमछ्याचं असं आहे, पाणी अमोनिया शोषतं हे खरं, त्यामुळे पळून जाताना ओला कपडा काहीतरी मदत करतो. काम करायचं साधन ते नाही. कामाच्या जागी दिवसभरासाठी २५ पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) मर्यादा धरतात आणि ३०० पीपीएम म्हणजे जिवाला धोका. हिरव्या पट्टीचा के प्रकारचा कॅनिस्टर (गॅस गाळणारा डबा) असलेला फुल फेस मास्क लागतो, कारण डोळे आधी जातात. आणि गळती मोठी असेल तर कॅनिस्टरही पुरत नाही, तिथे पाठीवर हवेचा सिलिंडर असलेला सेटच लागतो. तो नसेल तर आत जायचं नाही, बाहेर पडायचं, वाऱ्याला आडवं चालत आणि मग वाऱ्याच्या वरच्या अंगाला. छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारी झोळी लावलेली असली पाहिजे, नसेल तर मालकाला सांगा, कापड आणि तार, खर्च काही नाही.

तेल काढण्याची रीत म्हणाल तर दोन व्हॉल्व्ह एकामागे एक पाहिजेत. पहिला नेहमीचा, दुसरा स्प्रिंगचा, हाताने धरून ठेवला तरच उघडा राहतो आणि हात सोडला की मिटतो. माणूस बेशुद्ध पडला तरी मिटतो. ऑइल पॉट (तेल गोळा करायचं भांडं) असेल तर तो रिसीव्हरपासून बंद करून, सक्शनला (कॉम्प्रेसरच्या गॅस ओढणाऱ्या बाजूला) जोडून आतला अमोनिया आधी ओढून घ्यायचा, पॉट बाहेरून घाम यायचा थांबून कोमट झाला, काटा खाली आला की मग तेल. दोघांनी करायचं, एक व्हॉल्व्हवर आणि दुसरा दहा पावलांवर मास्क हातात घेऊन. हात सोडून जायचं नाही. स्प्रिंगचा व्हॉल्व्ह तारेने बांधून उघडा ठेवणारेही मी पाहिलेत, त्याला काय बोलणार.

कॉम्प्रेसरचं हेड उघडायचं असेल तर सक्शन आणि डिस्चार्जचे (गॅस बाहेर ढकलणाऱ्या बाजूचे) व्हॉल्व्ह बंद करून, मोटरचा फ्यूज खिशात टाकून, उरलेला गॅस पाइपने पाण्याच्या पिंपात सोडतात. त्यात एक गंमत आहे जी पुस्तकात पटकन सापडत नाही. पाणी अमोनिया इतक्या हावरटपणे पितं की गॅसचा जोर कमी झाला की पाण्यालाच पाइपमधून वर ओढून घेतं आणि ते थेट कॉम्प्रेसरमध्ये. म्हणून बुडबुडे कमी झाले की पाइप पाण्याबाहेर काढायच्या आधी व्हॉल्व्ह बंद, आणि मध्ये एक नॉन-रिटर्न (उलटं येऊ न देणारा) व्हॉल्व्ह असेल तर झोप चांगली लागते. हेड कव्हरखाली जाड सेफ्टी स्प्रिंग दाबून बसवलेली असते, त्यामुळे दोन लांब स्टड सगळ्यात शेवटी, आणि तेही समोरासमोर थोडे थोडे ढिले करत. आधी सगळे नट काढून कव्हर पान्याने ठोकलं तर ते तुमच्या हनुवटीला लागेल.

अंगावर उडाला तर पाणी, पंधरा मिनिटं सलग, डोळ्यात गेला तर पापण्या बोटांनी उघड्या धरून पाणी, आणि मग दवाखाना. मलम, तूप, लिंबू काही नाही. हवेतल्या ढगावर पाण्याचा फवारा मारायचा, पण जमिनीवर लिक्विडचं डबकं साचलं असेल तर त्याच्यावर पाणी ओतायचं नाही, ते आणखी उकळून वर येतं. शॉवर आणि डोळे धुण्याचा नळ प्लांटच्या दाराबाहेर आहे का ते उद्या बघा, आणि नळ सोडून बघा, पाणी येतंय का.

गॅस येत नाही म्हणून सिलिंडर टॉर्चने शेकवला तर? — कराड

नाही. बादलीत कोमट पाणी, हाताला सोसेल एवढं, त्यात उभा ठेवा. सिलिंडर भरताना ८० टक्क्यांच्या वर भरत नाहीत ते लिक्विड तापून फुगायला जागा राहावी म्हणून, तुम्ही एका बाजूने जाळ लावला तर ती जागा संपते. आणि एकदा वापरायचे पातळ सिलिंडर पुन्हा भरू नका.

जळालेल्या कॉम्प्रेसरचं तेल हातावर सांडलं, फोड आले. तेलाने फोड कसे? — छत्रपती संभाजीनगरहून

वाइंडिंग जळताना गॅस आणि तेल फुटून आम्ल तयार होतं, आर-२२ असेल तर हायड्रोक्लोरिक आणि हायड्रोफ्लोरिक. काळं, तिखट वासाचं तेल दिसलं की रबरी हातमोजे आणि चष्मा, लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि फोड आले असतील तर डॉक्टरला दाखवताना आम्ल होतं हे सांगा, नुसतं तेल सांगू नका.

ब्रेझिंग करताना नाकात झोंबतं, घसा धरतो. — पणजी

म्हणजे लाइनमध्ये गॅस शिल्लक आहे आणि तुम्ही तो जाळताय. आर-२२ ज्वाळेत गेला की वर सांगितलेली आम्लं आणि थोडा फॉस्जीन हा विषारी वायूही होतो. झोंबलं की टॉर्च बंद, खोलीबाहेर, लाइन पुन्हा नायट्रोजनने धुवा. त्या वेळी सिगारेटही नको, तीही ज्वाळाच आहे. आणि कॅडमियमची चांदीची काडी वापरत असाल तर बदला, तिचा धूर फुप्फुसाला फार वाईट.

माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. मेलेले कॉम्प्रेसर साठतात, वर्षातून दोनदा भंगारवाल्याला किलोवर देतो. तो दुकानासमोरच गॅस कटरने कापून तांबं वेगळं करतो. परवा एकाला भडका उडाला. माझी काही जबाबदारी येते का? तो तर म्हणतो, बंदच कॉम्प्रेसर आहे, त्यात काय असणार. — एक दुकानदार, सोलापूर

कायद्यात कोण कुठे अडकेल ते वकील सांगेल. पण त्या डोममध्ये काय होतं ते तुम्हाला माहीत होतं आणि त्याला नव्हतं.

पाव ते अर्धा लिटर तेल, तेलात विरघळलेला गॅस, आणि तुम्ही कॉम्प्रेसर काढल्यावर पाइप पिंच करून (चिमटून) टोकं बंद केली असतील, तेल सांडून दुकान घाण होऊ नये म्हणून, तर ते सगळं आत कोंडलेलं. वर उन्हात सोलापूरच्या मे महिन्यात पडलेला. भंगारवाल्याने त्यावर कटर धरला.

तेव्हा देण्याआधी तिन्ही पाइपांची टोकं ट्यूब कटरने कापून उघडी करा, उघड्यावर, टॉर्चपासून लांब. मग कॉम्प्रेसर पालथा करून तेल डब्यात निथळू द्या, घाई केली तर अर्धं आतच राहतं, मी रात्रभर उलटा टांगून ठेवतो. तेल गटारात नाही, गॅरेजचं जळकं तेल उचलणारे असतात त्यांना द्या. डोमवर खडूने मोठ्या अक्षरात गॅसचं नाव लिहा, आर-६००ए असेल तर शेजारी ज्वाळाही काढा, चित्र त्याला वाचता येईल. आणि त्याला सांगा की आधी हॅक्सॉने एक खाच पाडून आतली वाफ जाऊ दे, दोन तास थांब, मग गॅस कटर. वजन थोडं कमी भरेल, तेलाचे पैसे त्यात जातील, तेवढं सोडा.